लिपोडिस्ट्रॉफीची रजिस्ट्री : सही करण्याआधी आणि केल्यानंतर

रुग्णालयाच्या संगणकात प्रत्येक आजाराला एक आकडा असतो. आयसीडी-१० या जागतिक वर्गीकरणात लिपोडिस्ट्रॉफीचा आकडा आहे ई-८८.१. जन्मापासून अंगावर चरबीच नसलेलं बाळ या आकड्याखाली जमा होतं. वयात येता येता मांड्या-पोटऱ्यांवरची चरबी झडत गेलेली मुलगीही इथेच, आणि मोठेपणी दुसऱ्याच कारणानं चरबी गमावलेला माणूसही इथेच. उद्या कुणी विचारलं की महाराष्ट्रात जन्मजात प्रकाराची मुलं किती, तर हा आकडा कितीही चाळला तरी उत्तर निघणार नाही. त्यासाठी वेगळी वही लागते. आजाराचा नेमका प्रकार कोणता, जनुकातला नेमका बदल कोणता आणि वर्षागणिक काय घडत गेलं, हे टिपणारी वही म्हणजे रुग्णांची रजिस्ट्री. घरात हे निदान झालं असेल तर आज ना उद्या एखादा डॉक्टर किंवा संशोधक तिचा फॉर्म तुमच्यापुढे ठेवेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो : नाव घालावं. मात्र रजिस्ट्री म्हणजे उपचार नव्हे, सरकारी मदतीचा अर्ज नव्हे, आणि अर्धवट भरलेली नोंद जवळजवळ न भरल्यासारखीच असते.

ज्यांच्या घरात निदान नुकतंच झालं आहे त्यांच्यासाठी आजाराबद्दल थोडं. चरबी म्हणजे नकोसं ओझं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. प्रत्यक्षात ती शरीराची कोठी आहे. कोठीच नसली की अन्नातली जास्तीची स्निग्धता यकृतात, स्नायूंत आणि रक्तात साचते. इन्सुलिन असूनही चालेनासं होतं, शाळकरी वयात किंवा तरुणपणी मधुमेह होतो, मानेची आणि काखेची कातडी काळी व जाड पडते. ट्रायग्लिसराइड काही वेळा इतकी चढतात की तपासणीच्या नळीतलं रक्तद्रव्य दुधासारखं दिसतं, आणि मग स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरकही चरबीच्या पेशींतच तयार होतं. त्या पेशी नाहीत म्हणून मूल सतत भुकेलं असतं आणि नातेवाइकांत ‘हावरट’ ठरतं.

जन्मजात प्रकाराला बेरार्डिनेली-साइप सिंड्रोम म्हणतात. ब्राझीलमध्ये बेरार्डिनेली यांनी १९५४ साली आणि नॉर्वेत साइप यांनी १९५९ साली त्याचं वर्णन केलं. यात आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं असावं लागतं, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. दुसरा मोठा गट कौटुंबिक आंशिक लिपोडिस्ट्रॉफीचा. त्यातला डनिगन प्रकार सर्वांत परिचित. एलएमएनए या जनुकातला एकच बदल त्याला पुरतो, आणि तो पालकाकडून मुलात उतरण्याची शक्यता प्रत्येक खेपेला निम्मी असते. यात हातापायांची चरबी जाते, स्नायू आणि शिरा उठून दिसतात, उलट चेहऱ्यावर आणि हनुवटीखाली चरबी भरते. बायकांत हे लवकर डोळ्यांत भरतं. पुरुष मात्र ‘व्यायामानं कमावलेलं शरीर’ या कौतुकाखाली सुटून जातो, आणि निदान होईतो हृदय किंवा यकृत बिघडलेलं असतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. बारीक माणसाला मधुमेह होणं आपल्या डॉक्टरांना नवं नाही. म्हणूनच बारीक हातापायांची, काळ्या मानेची, पाळी अनियमित असलेली तिशीतली मधुमेही बाई समोर आली, तरी मांडीची कातडी चिमटीत धरून पाहायचं कुणाला सुचत नाही. २०१६ साली अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत मांडीच्या पुढच्या भागावरची चिमटीतली जाडी बाईत २२ मिलिमीटर आणि पुरुषात १० मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर शंका घ्यावी, असं म्हटलं आहे. आजार दुर्मीळ आहे हे खरं, पण किती दुर्मीळ हे मोजणाऱ्यावर ठरतं. निदान झालेल्यांची मोजदाद केली तेव्हा दहा लाखांत साधारण तीन असा आकडा निघाला. अमेरिकेतल्या एका मोठ्या जनुकीय पाहणीत मात्र या आजाराला कारणीभूत बदल सुमारे ७,००० माणसांत एकाकडे सापडले. या दोन आकड्यांच्या मधली माणसं कुठेतरी नुसत्या ‘शुगर’च्या गोळ्या घेत असणार.

आधी नाव नीट लिहून घ्या

लिपोडिस्ट्रॉफी हा शब्द शोधायला गेलात तर इन्सुलिनची सुई वारंवार एकाच जागी टोचल्यानं होणारे खड्डे आणि गाठी, किंवा एचआयव्हीच्या जुन्या औषधांचे परिणाम, यांचीच माहिती आधी समोर येते. ते वेगळे विषय आहेत. तुमच्या आजाराचं पूर्ण नाव, जनुकाचं नाव आणि ऑर्फानेट या युरोपीय यादीतला क्रमांक डॉक्टरांकडून लिहून घ्या. बेरार्डिनेली-साइपचा ऑर्फा क्रमांक ५२८ आहे, डनिगन प्रकाराचा २३४८. स्पेलिंग देशोदेशी बदलतं, क्रमांक बदलत नाही, म्हणून रजिस्ट्रीवाले तोच आधी मागतात.

आता रजिस्ट्री कोणती? दिसायला सगळ्या सारख्या, पण त्यांच्यामागचे हेतू वेगवेगळे असतात. युरोपात लिपोडिस्ट्रॉफीवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा ईसी-लिप हा संघ आहे आणि जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या पुढाकारानं त्यांची सामायिक रजिस्ट्री चालते. तिथे रुग्ण स्वतः काही भरत नाही. त्याचं उपचार-केंद्र माहिती भरतं आणि नावाऐवजी सांकेतिक खूण वापरतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठानं आजाराची वाटचाल टिपणारा एलडी-लिंक हा अभ्यास चालवला आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात इन्सुलिनला दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी राष्ट्रीय सेवाच आहे. चुलत-मावस नातेवाइकांपैकी कुणी या देशांत असेल आणि त्यांच्यातही लक्षणं दिसत असतील, तर त्यांनी तिकडच्या केंद्रात दाखवावं. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन देशांत नोंदल्या गेल्या तर तसं दोन्हीकडे सांगावं, म्हणजे तेच कुटुंब दोनदा मोजलं जात नाही.

भारतात फक्त या आजारासाठीची रजिस्ट्री शोधण्यात दिवस घालवू नका. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, २०१७ साली दुर्मीळ आणि इतर आनुवंशिक आजारांची राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू केली आहे आणि तीतली नोंद रुग्णालयामार्फत होते. म्हणून डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारा : ‘राष्ट्रीय रजिस्ट्रीत माझी नोंद तुमच्याकडून होईल का, की मला दुसऱ्या केंद्रात पाठवाल?’ २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली जी उत्कृष्टता केंद्रं नेमली गेली त्यांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. धोरणातली ५० लाख रुपयांपर्यंतची मदत या केंद्रांमार्फतच मिळते, पण ती ठरावीक आजारांसाठी असते. आपला आजार सध्या यादीत बसतो का, हे केंद्रातच विचारा. रजिस्ट्रीत नाव लागलं म्हणजे मदत सुरू झाली, असा समज करून घेऊ नका. या गैरसमजातून वर्षभर वाट पाहत बसणारी घरं असतात.

तिसरा प्रकार औषध कंपनीच्या रजिस्ट्रीचा. तिच्याकडे संशयानं पाहण्याची आपली सवय अगदीच चुकीची नाही, पण पूर्ण बरोबरही नाही. प्रयोगशाळेत बनवलेलं लेप्टिन, म्हणजे मेट्रेलेप्टिन, याची गोष्टच पाहा. २००२ साली त्याचा पहिला मोठा अहवाल आला तो अवघ्या नऊ रुग्णांवरचा. चार महिन्यांच्या उपचारात त्यांची ट्रायग्लिसराइड सरासरी ६० टक्क्यांनी उतरली होती. अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ मध्ये सार्वदेहिक, म्हणजे अंगभर चरबी नसलेल्या, प्रकारासाठी औषध मंजूर केलं तेव्हा हाताशी ४८ रुग्णांची माहिती होती. सोबत औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची आणि लिम्फोमाची भीती असल्यानं कडक निगराणीची अटही घातली. युरोपीय औषध संस्थेनं २०१८ मध्ये ‘अपवादात्मक परिस्थिती’ या सदरात मान्यता दिली आणि रुग्णांची रजिस्ट्री ठेवणं कंपनीवर बंधनकारक केलं. हजारो रुग्णांच्या चाचण्या या आजारात होऊच शकत नाहीत. औषध पाच वर्षांनी कुणाला मानवलं आणि कुणाला नाही, हे अशाच वह्यांतून कळणार. फक्त वही कोणाची आहे हे माहीत असू द्या.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्या की काय होतं, याचं एक उदाहरण स्पेनच्या मुर्सिया भागातलं आहे. तिथल्या काही मुलांना लिपोडिस्ट्रॉफीची लक्षणं होती, पण पुढे मेंदूही झिजत गेला आणि ती बालपणीच दगावली. बीएससीएल-२ या जनुकातला एकच विशिष्ट बदल या सगळ्यांमागे आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फायलींत ही मुलं वेगवेगळी राहिली असती तर त्यांच्यातलं साम्य कुणाला दिसलं नसतं. जन्मजात प्रकारामागे एजीपीएटी-२ हे जनुक असू शकतं, हे २००२ साली अमेरिकेत भारतीय वंशाचे डॉ. अभिमन्यू गर्ग आणि सहकाऱ्यांनी शोधलं, तेही अनेक कुटुंबांच्या वंशावळी समोर ठेवून.

फाइल

रजिस्ट्रीचा फॉर्म भरताना सगळ्यांत जास्त वेळ जातो तो जुने कागद शोधण्यात. फाइल आधीच लावून ठेवा, तारखेनुसार, आणि प्रत्येक कागदाचा फोटो फोनमध्येही ठेवा. थर्मल कागदावरचे रिपोर्ट दोन-तीन वर्षांत पुसट होतात.

फाइलमध्ये काय असावं? चरबी कमी असल्याचं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं आणि तेव्हा वय काय होतं : जन्मतः, पाचव्या वर्षी की पाळी सुरू होताना. या एका उत्तरावर प्रकार ठरवताना बरंच अवलंबून असतं, आणि ते फक्त घरच्यांनाच माहीत असतं. बाळसं धरलेलं नसताना काढलेले बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे फोटो इथे रिपोर्टइतकेच मोलाचे. मग मधुमेह कधी कळला, एचबीए-वन-सी दरवर्षी किती होतं, इन्सुलिन रोज किती युनिट लागतं आणि त्या वेळी वजन किती होतं. दिवसाला दोनशेच्या वर युनिट जात असतील तर तो आकडा फार बोलका आहे. ट्रायग्लिसराइडचा आतापर्यंतचा सर्वांत जास्त आकडा, आणि तो उपाशीपोटीचा होता का. पोटदुखीनं दाखल केलं असेल तर त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड. यकृताची सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन, हृदयाचा ईसीजी आणि टू-डी-एको, डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी. एलएमएनए मधले काही बदल हृदयाच्या ठोक्यांच्या वहनावरही परिणाम करतात, म्हणून ईसीजी ‘नॉर्मल आहे’ म्हणून टाकून देऊ नका. दहा वर्षांनी तुलना करायला तोच लागेल. लेप्टिनची पातळी तपासली असेल तर ठेवा, नसेल तर त्याच्यामागे लागू नका. त्या आकड्यावरून निदान पक्कंही होत नाही आणि रद्दही होत नाही.

जनुक-तपासणीच्या रिपोर्टबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ‘जनुकात दोष सापडला’ एवढं वाक्य रजिस्ट्रीला उपयोगी नाही. रिपोर्टमध्ये जनुकाच्या नावापुढे ‘सी’ आणि ‘पी’ ही अक्षरं, पूर्णविराम आणि आकडे असलेली एक सांकेतिक ओळ असते. जी माहिती हवी असते ती हीच ओळ. ती हातानं उतरवू नका, पानाची प्रतच द्या. काही रिपोर्टांत त्या बदलापुढे ‘महत्त्व अनिश्चित’ अशा अर्थाचा शेरा असतो. तो वाचून निराश होऊ नका आणि निश्चिंतही होऊ नका. जगात कुठेतरी तसाच बदल असलेलं दुसरं कुटुंब नोंदलं गेलं की हा शेरा बदलू शकतो. म्हणूनच अनिश्चित शेरा असलेल्यांनी तर नोंदणी करावीच. तपासणीच्या मूळ डेटा-फायली प्रयोगशाळा कायम जपून ठेवतील याची खात्री नसते. त्या वेळीच मागून घ्या.

वंशावळ कोऱ्या कागदावर काढा. आजीला विचारा. ‘साखरेनं गेले’, ‘पोटात कळ येऊन गेले’, ‘तिला मूल राहिलंच नाही’, ‘त्यांचे हातपाय आमच्यासारखेच होते’ अशी वाक्यं ऐकू येतील. ती जशीच्या तशी लिहा, अर्थ डॉक्टर लावतील. लग्न होऊन गेलेल्या आत्या, बहिणी आणि त्यांची मुलं वंशावळीतून हटकून गळतात, कारण आपल्या घराण्याच्या कागदांत मुलींच्या फांद्या सासरी गेल्यावर तुटतात. जनुकाला हे सासर-माहेर कळत नाही. आईवडिलांचं आपसात नातं असेल, तर लाजून लपवू नका. बेरार्डिनेली-साइपमध्ये तो निदानाचा धागा आहे.

संमतीपत्र

संमतीपत्र मराठीत मागा. रुग्णाला समजेल अशा भाषेत ते देणं हे भारतातल्या संशोधनाच्या नियमांतच आहे, त्यामुळे उपकार मागतोय असं वाटायचं कारण नाही. घरी नेऊन वाचायला मागा. ‘इथेच सही करा, रांग आहे’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या भेटीत येतो म्हणून उठा.

वाचताना पाहायच्या गोष्टी अशा. नैतिक समितीची मान्यता आहे का, आणि समितीच्या सचिवाचा फोन कागदावर आहे का? माहिती कुणाच्या ताब्यात राहील : रुग्णालयाच्या, विद्यापीठाच्या की कंपनीच्या? नाव काढून टाकलं तरी इतक्या दुर्मीळ आजारात गाव, जन्मतारीख आणि वय एकत्र आलं की माणूस ओळखू येतो, म्हणून गावाऐवजी जिल्हा किंवा राज्य आणि जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष चालेल का, हे विचारा. रक्ताचा नमुना घेणार असतील तर तो माहितीपासून वेगळी संमती मागून घेतात का? नमुना परदेशी जाणार असेल तर भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, ती घेतली आहे का? फोटोंचा तर स्वतंत्र रकाना हवाच. या आजारात अंगावरचे कपडे काढून फोटो घेतले जातात, कारण चरबी कुठे आहे आणि कुठे नाही हे त्यांतूनच दिसतं. मुलींच्या बाबतीत सोबत आई किंवा बहीण असावी, चेहरा चौकटीबाहेर ठेवावा, आणि ‘रजिस्ट्रीसाठी चालेल, नियतकालिकात छापायला नाही’ असं लिहून देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

नवीन काही कळलं तर मला कळवणार का, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. नव्या औषधाची चाचणी सुरू झाली किंवा तुमच्या जनुकातल्या बदलाचा शेरा बदलला, तर फोन येणार का? काही रजिस्ट्र्यांत ‘पुन्हा संपर्क करा’ असा चौकोन असतो. तिथे खूण करायला विसरू नका. ती नसेल तर चाचणीसाठी योग्य असूनही कुणी तुम्हाला शोधणार नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र संशोधनासाठी त्यात काही सवलती आहेत, त्यामुळे भरवसा कायद्याच्या नावावर ठेवू नका, संमतीपत्रातल्या ओळींवर ठेवा. नाव मागे घेतल्यावर आधीची माहिती पुसली जाते की फक्त नवी माहिती थांबते, हे तिथे लिहिलेलं असतं. आणि पैसे मागणाऱ्या ‘रजिस्ट्री’पासून लांब राहा. रुग्णाला नोंदणीसाठी शुल्क नसतं.

विम्याचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. रजिस्ट्री तुमची माहिती विमा कंपनीला देत नाही, पण आपल्याकडे जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदाही नाही. विम्याच्या अर्जात आजाराबद्दल थेट विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडली तर पैसे जातात. निरोगी भावंडांची जनुक-तपासणी करायची असेल तर विमा आधी की तपासणी आधी, हे समुपदेशकाशी बोलून ठरवा.

सही झाली की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. नोंदीचं मोल दुसऱ्या वर्षापासून वाढतं. एकदाच घेतलेल्या आकड्यातून आजार आहे एवढंच कळतं, तो कुठे चालला आहे हे कळत नाही. दरवर्षीचा एक महिना ठरवून टाका. लिपोडिस्ट्रॉफीचा जागतिक दिवस ३१ मार्चला असतो, आर्थिक वर्षाच्या कागदपत्रांसोबत हेही लक्षात राहतं. त्या सुमाराला वर्षभराचे रिपोर्ट केंद्राकडे पाठवा, फोन नंबर किंवा पत्ता बदलला असेल तर कळवा, डॉक्टर बदलले असतील तर नव्या डॉक्टरांना रजिस्ट्री क्रमांक द्या. गर्भारपण, शस्त्रक्रिया, नवं औषध यांची वेगळी नोंद मागतात. ‘सगळं ठीक आहे, मग कशाला पाठवू’ असं म्हणू नका. ठीक असलेल्यांच्या नोंदी नसतील तर रजिस्ट्रीत फक्त गंभीर रुग्णच उरतात आणि आजार आहे त्याहून भयंकर दिसायला लागतो.

मुलांच्या बाबतीत सही आईवडील करतात, पण आयसीएमआरच्या नियमांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचीही मान्यता घ्यावी लागते : लहान मुलाची तोंडी, बारा वर्षांपुढच्याची लेखी. हे वरवरचं करू नका. दहा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यासारखी मुलं जगात कमी आहेत, डॉक्टरांना ती सगळी एकत्र मोजायची आहेत’ एवढं सहज कळतं. अठरा पूर्ण झाल्यावर त्याची संमती नव्यानं घेतली जाते, आणि तोपर्यंतची सगळी फाइल त्याच्या हातात असायला हवी. कॉलेजसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जाताना ती सोबत द्या. तेव्हा रजिस्ट्रीत राहायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, आणि तो नाही म्हणाला तर तसं केंद्राला लेखी कळवा.